वाचकांचे प्रश्न : वस्तुसंग्रहालय गावापर्यंत कसं न्यायचं?

गेल्या अंकात कोल्हापूरच्या टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयातल्या, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीला उत्खननात मिळालेल्या वस्तूंवर लिहिलं होतं आणि जाता जाता म्हटलं होतं, की या वस्तू घरबसल्या, फोनवर, नीट माहितीसकट बघता आल्या पाहिजेत. लेख राहिला बाजूला, त्या एका वाक्यावरच पत्रं आली. काहींना ते मनापासून पटलं, काहींना अजिबात नाही. माझी सगळी नोकरी संग्रहालयांच्या अ‍ॅक्सेशन रजिस्टरांत गेली. वस्तू आली की तिला नंबर द्यायचा, मापं घ्यायची, वर्णन लिहायचं. त्यामुळे या विषयावर मला सांगण्यासारखं बरंच आहे. नाव छापू नका असं काहींनी कळवलं होतं, म्हणून सगळ्यांचीच नावं गाळली आहेत.

ताई, मी चंदगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. कोल्हापूर इथून शंभर किलोमीटरच्या वर. सहल काढायची तर गाडीभाडंच पालकांना झेपत नाही. ऑनलाइन संग्रहालय दाखवून मुलांना खरंच काही मिळतं का? की मोबाईल बघण्यात आणखी एक तास जातो?

बाई, मिळतं, पण एका तासाला एकच वस्तू घेतली तर. ‘व्हर्च्युअल टूर’ मात्र वर्गात लावू नका. बाण दाबत दालनातून पुढं सरकताना मुलांना भिंती आणि काचाच जास्त दिसतात, आणि पाच मिनिटांत वर्ग हातातून जातो.

सहावीच्या इतिहासात प्राचीन भारत आहे. मोहेंजोदडोची कांस्य नर्तकी मुलांनी पुस्तकात पाहिलेली असते, पण ती केवढी आहे ते चित्रातून कळत नाही. फोटो दाखवा आणि विचारा, ‘ही केवढी असेल?’ कुणी दाराच्या चौकटीएवढी म्हणेल, कुणी बाकाएवढी. सगळ्यांना बोलू द्या, लगेच उत्तर सांगू नका. मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तिची उंची आहे साधारण साडेदहा सेंटिमीटर. आता प्रत्येकाला पट्टी घेऊन वहीत तेवढी उभी रेघ मारायला सांगा. नंतर फोटो मोठा करून हात बघा. डाव्या हातात पार खांद्यापर्यंत बांगड्या आहेत, उजव्या हातात मोजक्याच. त्या मुलांनाच मोजू द्या. बोटाएवढ्या मूर्तीत कारागिरानं हे कसं केलं असेल, हा प्रश्न ती स्वतःच विचारतील, आणि तिथं तुमचा धडा सुरू होईल.

पुढच्या आठवड्यात आपल्या जिल्ह्यातली वस्तू घ्या. ब्रह्मपुरीला मिळालेली पोसायडनची कांस्यमूर्ती टाउन हॉलमध्ये आहे. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव, आणि तो सापडला पंचगंगेच्या काठी. दाढी, केसांची ठेवण, उभं राहण्याची ढब बघून हा देव आपल्याकडचा वाटतो का, ते आधी मुलांकडून काढून घ्या. मग नकाशा लावा. रोमन साम्राज्याशी चालणारा व्यापार, कोकणातली बंदरं, घाट चढून येणारे तांडे, सातवाहनांचा काळ, सगळं त्या वीतभरही नसलेल्या मूर्तीभोवती उभं राहतं. ‘सातवाहन काळात रोमशी व्यापार चाले’ हे वाक्य पाठ करून जे होत नाही, ते इथं होतं.

रेंजची अडचण मला माहीत आहे. तालुक्याच्या गावी गेलात की चित्रं फोनमध्ये उतरवून ठेवा, वर्गात नेट लागणारच नाही. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम अशा संग्रहालयांनी कॉपीराइट संपलेल्या कलाकृतींचे उत्तम फोटो कुणालाही फुकट उतरवून घ्यायला ठेवले आहेत. राइक्सम्युझियमनं रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्राचा 717 गिगापिक्सेलचा फोटो 2022 मध्ये खुला केला. रंगाला पडलेली भेगसुद्धा त्यात दिसते. मूळ चित्रापुढं उभं राहिलं तरी एवढं जवळून कुणी बघू देत नाही.

माहिती बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असते, ही खरी उणीव आहे. तुम्ही आदल्या दिवशी पाच ओळी मराठीत लिहून न्या. आणि मुलांनी जे प्रश्न विचारले ते एका कागदावर उतरवून त्या संग्रहालयाला पत्रानं पाठवा. कुठली माहिती लिहायची राहून गेली आहे, हे संग्रहालयाला अशा पत्रांतून जेवढं कळतं तेवढं एरवी कळत नाही.

शिरोळ तालुक्यात आमचं जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू आम्ही दोन कपाटांत ठेवल्या आहेत: अडकित्ते, दौती, पानदानं, मापं, थोडे मोडी कागद. 2019 च्या महापुरात काही भिजलंही. आता वेबसाइट आणि ॲप करायचं मंडळाच्या मनात आहे. एका माणसानं सांगितलेला खर्च ऐकून सगळे गप्प झाले. कुठून सुरुवात करावी?

वेबसाइटचा विषय वर्षभर बाजूला ठेवा. ॲपचा तर सोडूनच द्या. सुरुवात नोंदवहीपासून करा, आणि ती करायला पैसे लागत नाहीत. चिकाटीची दोन माणसं लागतात. वाचनालयाच्या मंडळात ती असतातच.

प्रत्येक वस्तूला एक नंबर द्या. वर्ष आणि क्रमांक, इतकं सोपं: 2025.1, 2025.2. एकदा दिलेला नंबर पुन्हा दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही, ती वस्तू हरवली तरी नाही. पितळी किंवा लाकडी वस्तूवर नंबर रंगवत बसू नका. सुती दोऱ्यानं चिठ्ठी बांधा. चिकटपट्टी नको, तिचा डिंक वर्षानुवर्षं जात नाही.

आता नोंद. बहुतेक ठिकाणी मला अशी नोंद वाचायला मिळते: ‘अडकित्ता. जुना. सुंदर नक्षीकाम.’ याचा कुणालाही काही उपयोग नाही. अशी लिहा: ‘अडकित्ता. पितळी दांडे, लोखंडी पातं. लांबी 18 सें.मी. दोन्ही दांड्यांच्या टोकांना मोर. उजव्या मोराची चोच तुटलेली. पात्यावर गंज. देणाऱ्यांच्या आजीच्या वापरातला. निपाणीच्या बाजारात घेतला होता असं घरातले सांगतात. वाचनालयाकडे अमुक तारखेला आला. नोंद करणाराची सही.’ यात ‘असं घरातले सांगतात’ हे शब्द मोलाचे आहेत. जे डोळ्यांनी दिसतं ते वेगळं आणि जे ऐकलं ते वेगळं, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. ‘शिवकालीन’ हा शिक्का तर पुरावा असल्याशिवाय कशावरच मारू नका. आपल्या भागात तो फार सहज मारला जातो, आणि एकदा इंटरनेटवर गेला की परत घेता येत नाही.

तुटलेली चोच कशाला लिहायची, असं मंडळात कुणीतरी विचारेल. सारखे दिसणारे शंभर अडकित्ते मिळतील, पण नेमकी तीच चोच तुटलेला तुमचा एकच. वस्तू चोरीला गेली, पुरात वाहून दुसरीकडं सापडली, तर ओळख त्या खुणेवरूनच पटते. ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाची नोंदीची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यातही अशा वेगळेपणाच्या खुणांना स्वतंत्र रकाना आहे.

फोटोला महागडा कॅमेरा नको. सकाळी दहाच्या सुमाराला उत्तरेकडच्या खिडकीशी टेबल लावा, म्हणजे उन्हाची तिरीप येणार नाही. मागं करड्या रंगाचा साधा कार्डशीट कागद. पांढऱ्याफेक कागदावर पितळ काळवंडलेलं येतं. वस्तूशेजारी सेंटिमीटरची पट्टी आणि नंबरची चिठ्ठी ठेवा. फ्लॅश बंद. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, आणि जिथं तुटलंय किंवा काही कोरलंय तिथला जवळून. व्हॉट्सॲपवर एकमेकांना फोटो पाठवून ते साठवू नका, त्यात फोटोचा बारीक तपशील जातो. केबलनं थेट कॉम्प्युटरवर घ्या आणि फाइलला वस्तूचाच नंबर द्या.

मोडी कागदांना मात्र जपून हात लावा. ते लॅमिनेट करू नका, कृपा करून नको. प्लास्टिक आणि उष्णतेनं कागदाचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही. घडी ताठ झाली असेल तर जोरानं उलगडू नका. जे सहज उघडतात त्यांचे दोन्ही बाजूंनी, चारी कडा दिसतील असे फोटो घ्या. पाठ कोरी असली तरी तिचा घ्या. फोटो चांगला असेल तर कागद जागचा न हलवता दूर बसलेला मोडी वाचकही तुम्हाला लिप्यंतर करून देऊ शकतो. कोल्हापूर-सांगलीत असे वाचक अजून आहेत. 2014 पासून मोडी युनिकोडमध्येही (कॉम्प्युटरवरच्या अक्षरांची जगभर चालणारी पद्धत) आहे, पण लिप्यंतर देवनागरीत करून घ्या, म्हणजे शोधल्यावर सापडेल. त्यासाठी सगळं टायपिंग युनिकोडमध्येच हवं. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर इंटरनेटवर शोधून सापडत नाही.

पुराचं तुम्ही लिहिलंत म्हणून हे खास तुमच्यासाठी. सगळ्याच्या तीन प्रती ठेवा: एक वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक गावाबाहेर. हार्ड डिस्क त्याच कपाटात खालच्या फळीवर ठेवली तर 2019 किंवा 2021 सारखं पाणी आलं की दोन्ही एकदम जातील. मंडळातल्या कुणाचे नातेवाईक गडहिंग्लजला, पन्हाळ्याला असतील तर तिसरी प्रत तिथं ठेवा. 2 सप्टेंबर 2018 च्या रात्री ब्राझीलमध्ये रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली. साधारण दोन कोटी वस्तूंचा तो संग्रह, त्यातला बहुतेक जळाला. नंतर लोकांना आवाहन करावं लागलं, की तुम्ही कधी तिथं फोटो काढले असतील तर पाठवा. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं पंचगंगेकाठची आणि कृष्णाकाठची सगळी लहान-मोठी कपाटं आली.

वर्षभरात नोंदी झाल्या की पुढचं सोपं आहे. केंद्र सरकारच्या ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ या पोर्टलमागं पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं बनवलेली ‘जतन’ नावाची प्रणाली आहे. ती मोठ्या संग्रहालयांसाठी. तुम्हाला एक्सेलची एक फाइल पुरेल. निवडक वस्तूंचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर ठेवता येतात. तिथं पैसे लागत नाहीत. मात्र तिथं ठेवलेला फोटो कुणीही वापरू शकतो, व्यापारासाठीसुद्धा. हे मंडळात आधी बोलून घ्या, ज्यांनी वस्तू दिल्या त्यांना विचारा, आणि देणाऱ्यांचे पत्ते किंवा फोन नंबर कुठंही जाहीर करू नका.

मी पूर्ण अंध आहे, शिवाजी विद्यापीठात एम.ए. करतो. संग्रहालयांच्या वेबसाइटवर गेलो की माझा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नुसता ‘इमेज, इमेज’ म्हणत जातो. आमच्यासाठी ऑनलाइन संग्रहालय म्हणजे काय?

आज तरी फार थोडं, आणि हे चुकीचं आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात माहिती सुगम स्वरूपात मिळण्याचा हक्क आहे, तेव्हा मागताना संकोच करू नका. ज्या वेबसाइटवर अडलात तिला लिहा आणि नेमकं पान सांगा.

खरं तर काम अवघड नाही. प्रत्येक फोटोमागं वर्णनाचा मजकूर घालायची सोय असते, ती रिकामी सोडलेली असते. ‘प्राचीन नाणं’ एवढं लिहूनही भागत नाही. कोल्हापुरात मिळालेल्या, सातवाहनकाळातल्या कुर राजांच्या शिशाच्या नाण्याचं वर्णन मी असं करीन: ‘गोल नाणं, शिशाचं, त्यामुळे आकाराच्या मानानं जड. एका बाजूला कमानींवर कमानी रचून केलेली टेकडी, तिच्याजवळ झाड. दुसऱ्या बाजूला ताणलेलं धनुष्य आणि त्यावर बाण. कडेनं ब्राह्मी अक्षरं, त्यांत विळिवायकुर या राजाचं नाव.’ हे ऐकून तुमच्या मनात काहीतरी उभं राहतं, आणि डोळस वाचकाचाही फायदा होतो, कारण झिजलेल्या नाण्याच्या फोटोत काय बघायचं हे त्यालाही कळत नसतं.

याच्या पुढची पायरी स्पर्शाची. वस्तूभोवती फिरून, प्रत्येक फोटोत आधीच्याचा निम्म्याहून जास्त भाग येईल असे फोटो घेतले, तर त्यांतून थ्रीडी मॉडेल बनतं, आणि त्यावरून हातात धरण्याजोगी प्रतिकृती छापता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘अनुभव’ हे प्रतिकृतींना हात लावून बघण्याचं दालन आहे. कोल्हापुरात असं व्हावं ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी मागणी केली तर ती लवकर पुरी होईल. मागणीपत्राचा मसुदा मी करून देते, संपादकांकडून माझा पत्ता घ्या.

सगळं फोनवर दिसायला लागलं तर संग्रहालयात येईल कोण? आणि कुठल्या देवळात, कुठल्या कपाटात काय आहे हे चोरांना आयतंच कळेल. मला हे सगळं धोक्याचं वाटतं. (निवृत्त कारकून, शाहूपुरी, कोल्हापूर)

काका, पहिल्या काळजीचं उत्तर पॅरिसच्या लूव्र संग्रहालयानं दिलं आहे. मार्च 2021 मध्ये त्यांनी आपल्या 4,80,000 हून जास्त कलाकृती इंटरनेटवर खुल्या केल्या. 2023 मध्ये तिथं सुमारे 89 लाख लोक गेले. फोटो बघितला म्हणून माणूस घरी बसत नाही. अंबाबाईचा फोटो घरोघरी आहे, म्हणून दर्शनाची रांग कमी झाली का?

चोरीची काळजी मात्र रास्त आहे, तिला नीट उत्तर दिलं पाहिजे. वस्तूची माहिती जाहीर करावी, ठिकाणाची करू नये. कुठल्या खोलीत, कुठल्या कुलपात, रखवालदार कधी असतो, यातलं काही वेबसाइटवर जाता कामा नये. उघड्यावरच्या शिल्पांची नकाशावरची नेमकी जागाही नको. पण फोटोच नसणं हा त्याहून मोठा धोका आहे. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदानच्या देवळातून नटराजाची मूर्ती चोरीला गेली आणि फिरत फिरत ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोचली. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेनं कित्येक वर्षांपूर्वी देवळांतल्या मूर्तींचे फोटो काढून ठेवले होते. मूर्ती तीच आहे हे त्या फोटोंवरून दाखवता आलं, आणि 2014 मध्ये ती भारताला परत मिळाली. फोटो नसता तर आपलीच मूर्ती आपली आहे हे कशावरून सांगणार होतो? आपल्या जिल्ह्यात किती देवळांतल्या मूर्तींचे मापं घेऊन काढलेले फोटो असतील, हा विचार मला झोपू देत नाही. आपल्या गल्लीतल्या, गावाकडच्या देवळापासून सुरुवात करायला आपल्यासारखी वेळ असलेली, कागदपत्रं जपायची सवय असलेली माणसंच हवी आहेत.

मी कोल्हापुरात कला महाविद्यालयात शिकते. आबालाल रहमान यांच्या निसर्गचित्रांवर प्रकल्प करतेय. इंटरनेटवर मिळतात ते फोटो अंधूक, काचेची चमक असलेले, वर शिक्का मारलेले. चांगले फोटो घेऊन छापले तर कॉपीराइटचा भंग होईल का?

भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. आबालाल 1931 साली गेले, तेव्हा त्यांच्या चित्रांवर आज कुणाचाही कॉपीराइट नाही. बाबूराव पेंटर 1954 मध्ये गेले. त्यांची चित्रं 1 जानेवारी 2015 पासून मोकळी झाली. चंद्रकांत मांडरे यांचं तसं नाही. ते 2001 मध्ये गेले, त्यांच्या चित्रांचा कॉपीराइट 2061 अखेरपर्यंत आहे. चित्र संग्रहालयाच्या भिंतीवर आहे म्हणजे कॉपीराइट संग्रहालयाचा, असा समज सर्रास आढळतो. चित्राची मालकी आणि त्याचा कॉपीराइट या कायद्यानं वेगळ्या गोष्टी आहेत.

तरी चित्र ज्यांच्या ताब्यात आहे ते फोटो काढू द्यायचा की नाही हे ठरवू शकतात, म्हणून परवानगी लागतेच. आणि इथं माझं स्पष्ट मत आहे, की ज्या चित्रांचा कॉपीराइट संपला आहे त्यांचे चांगले, बिनशिक्क्याचे फोटो सार्वजनिक संग्रहालयांनी विद्यार्थ्यांना द्यावेत. मेट्रोपॉलिटननं फेब्रुवारी 2017 मध्ये 3,75,000 फोटो असे मोकळे केले, अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या समूहानं 2020 मध्ये 28 लाख. आबालालांनी कोल्हापुरातल्या कोटीतीर्थ तलावाच्या पाण्यावरचा उजेड रंगाच्या ज्या बारीक फटकाऱ्यांतून धरला, तो अंधूक फोटोत चिखलासारखा दिसतो. असा फोटो बघून एखादं पोर ‘यात काय एवढं?’ म्हणालं, तर दोष त्या पोराचा नाही.

संग्रहालयाला अर्ज करताना महाविद्यालयाच्या लेटरहेडवर करा, खाली प्राध्यापकांची सही घ्या. कुठली चित्रं, कशासाठी, किती प्रती छापणार, हे लिहा. फ्लॅश वापरणार नाही, चित्राला हात लावणार नाही, सगळ्या फोटोंची एक मूळ प्रत संग्रहालयाला देईन, हेही लिहा. या शेवटच्या वाक्यानं बऱ्याचदा काम होतं, कारण संग्रहालयाकडेही चांगले फोटो नसतात. काच काढून देतील अशी अपेक्षा धरू नका. चमक टाळायची तर दिवे चित्राच्या दोन्ही बाजूंना 45 अंशात ठेवा, कॅमेरा चित्राला अगदी समांतर, आणि कॅमेऱ्यामागं काळं कापड धरायला मैत्रिणीला सोबत न्या. सोमवारी जाऊ नका, बरीच संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. आणि प्रकल्प झाला की त्याची एक प्रत मला वाचायला पाठवा.